ऑनिंगच्या बोल्टमधून पुन्हा पुन्हा गळती : सीलंट भरण्याआधी काय तपासायचं

कॅम्पर व्हॅनला ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला बाहेर ओढायचं कापडी छत, बसवलं की पहिले काही पाऊस कोरडे जातात. मग एके दिवशी आतल्या पॅनेलवर पिवळट डाग दिसतो. टपावर चढून ऑनिंगला धरणाऱ्या ब्रॅकेटभोवती सीलंट फासलं जातं, डाग वाळतो, आणि काही महिन्यांनी तो त्याच जागी, थोडा मोठा होऊन परत येतो. काही गाड्यांच्या ब्रॅकेटभोवती मी सीलंटचे तीन-तीन थर पाहिले आहेत. खाली पांढरा, त्यावर काळा, त्यावर पारदर्शक, आणि आत पाणी तसंच.

नीट बुजवूनही गळती परत येत असेल तर बहुतेक वेळा ब्रॅकेटखालचा पत्रा हलत असतो. पत्रा हलला की सीलंटची कड सुटते, आणि केसाएवढी फटही पाण्याला पुरते. ही हालचाल तशीच ठेवून कितीही भारी सीलंट भरलं तरी ते पुन्हा सुटणार. म्हणून सीलंटची ट्यूब उघडण्याआधी थोडी तपासणी करा. त्यात अर्धा दिवस जाईल, पण नंतरचे बरेच दिवस वाचतील.

आधी ते पाणी पावसाचंच आहे ना, हे बघा

ऑनिंगचा बोल्ट टपातून आरपार आत आला असेल तर तो बाहेरची थंडी थेट आत आणतो. बाकी सगळीकडे इन्सुलेशन असतं, पण बोल्टचं टोक उघडं. रात्री दोन माणसं बंद गाडीत झोपली, वर काही शिजवलंही असेल, तर आतली हवा दमट होते आणि त्या गार धातूवर बाष्प जमतं. सकाळी नटाखाली थेंब लोंबकळत असतात आणि आपण गळतीला दोष देतो.

ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस नसलेल्या थंड, निरभ्र रात्रीनंतरही ओल दिसली तर ते बाष्प आहे. अशा वेळी इतर उघड्या धातूवरही, म्हणजे खिडकीच्या चौकटीवर किंवा मागच्या दाराच्या बिजागरीवर, ओल सापडते. त्यावर उपाय बाहेरून नाही, आतून करायचा. नटावर बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा तुकडा घट्ट चिकटवून झाकायचा आणि रात्री छताची झडप थोडी उघडी ठेवायची. उलट, पावसानंतर काही तासांनी ओल येत असेल आणि त्या पाण्यात मातकट किंवा गंजाचा रंग असेल, तर पाणी बाहेरूनच येतंय.

शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे

टपाच्या आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात. पाणी भोकातून आत आलं की पट्टीवरून उताराच्या दिशेनं सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथे टपकतं. गाडी नेहमी नाकाकडे कललेली उभी राहत असेल तर मागच्या ब्रॅकेटचं पाणी पुढच्या कपाटात सापडतं. म्हणून डागाच्या बरोब्बर वरचा ब्रॅकेट खोलायची घाई करू नका.

आतलं पॅनेल काढा. दर बोल्टभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, किंवा आसपासच्या पत्र्यावर खडूची पूड चोळा. खडूवर पाण्याचा ओघळ स्पष्ट दिसतो. मग एक जण आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरा बाहेरून पाइपनं पाणी सोडेल. पाणी खालून वर न्यायचं. आधी ऑनिंगचं कापड ज्यात गुंडाळलेलं असतं त्या पेटीची खालची कड, मग ब्रॅकेटचा पाया, मग बोल्टची डोकी, शेवटी टप. प्रत्येक जागी निदान दहा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर मात्र वापरू नका. त्याचा झोत चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो.

पाण्यानं छडा लागला नाही तर हवेची युक्ती करून बघा. दारं-खिडक्या लावून घ्या, गाडीचा पंखा बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवून पूर्ण वेगानं चालवा आणि बाहेरून बोल्टभोवती साबणाचं पाणी लावा. व्हॅनला मागच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी जाळ्या असतात, त्यांवर आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर दाब तयारच होत नाही. फट असेल तिथे बुडबुडे फुटतात.

या तपासणीत एक तिसरीच गोष्टही सापडू शकते. भिंतीवर बसवलेल्या ऑनिंगमध्ये पेटी आणि गाडी यांच्या मधल्या फटीतून पाणी खाली ओघळतं आणि सरकतं दार उघडं असलं की थेट पायरीवर किंवा गादीवर पडतं. याचा बोल्टांशी काहीच संबंध नाही. पेटीच्या वरच्या कडेला लावायची रबरी पट्टी मिळते, तिनं हे थांबतं. आणि पन्हळीत बसवलेल्या ब्रॅकेटमागे पाला अडकून पाणी तुंबत असेल, तर आधी ती पन्हळ साफ करा. कधी कधी आपण भरलेलं सीलंटच पन्हळीत बांध घालून बसलेलं असतं. पाण्याला पुढे जायला जागा हवीच.

पत्रा हलतो किती आणि का

कोणता बोल्ट गळतो ते सापडलं की ऑनिंग थोडं बाहेर काढा आणि पुढची कड हातानं हलकेच वर-खाली करा. दुसऱ्या माणसानं आतून त्या बोल्टच्या शेजारी बोट टेकवून ठेवायचं. पत्रा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत असेल तर गळतीचं मूळ सापडलं.

व्हॅनच्या टपाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यावर तीन मीटरची पेटीवाली ऑनिंग म्हणजे साधारण वीस ते तीस किलो वजन. गाडी खड्ड्यातून गेली की तेच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन ब्रॅकेटवर आदळतं. आणि हा झाला बंद ऑनिंगचा भार.

उघडल्यावर खरी परीक्षा. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर आलेलं कापड म्हणजे साडेसात चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लीटर पाणी, म्हणजे एक किलो. दहा मिलिमीटरच्या सरीत त्या कापडावर ७५ किलो पाणी पडतं. कापडाला उतार नसेल आणि मधे पोट सुटलं असेल, तर त्यातला मोठा वाटा तिथेच साचतो, आणि जितकं साचतं तितकं पोट आणखी खोल जातं.

वारा त्याहून वाईट. ताशी ३६ किलोमीटरचा वारा कापडाला पूर्ण आडवा आला तर साडेसात चौरस मीटरवर साधारण ४५ किलोचा रेटा येतो. ताशी ५० किलोमीटरला तो ९० किलोच्या आसपास जातो, कारण वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हा रेटा सारखा वर-खाली बदलतो आणि अडीच मीटर लांबीच्या तरफेनं ब्रॅकेटवर येतो. वरून आवळलेला बोल्ट आणि खाली नाण्याएवढा वायसर असेल तर पातळ पत्रा त्या वायसरच्या कडेवर रोज थोडा थोडा वाकत राहतो. कडेला बारीक चिरा पडलेल्या दिसल्या तर समजा की हे बरेच दिवस चाललंय. अशा पत्र्याला आधी आधार द्या, सीलंट नंतर.

टोकाचेच ब्रॅकेट गळतात आणि मधला कोरडा राहतो, असं दिसलं तर आणखी एक कारण तपासा. पेटी ॲल्युमिनियमची, गाडी पोलादाची. ॲल्युमिनियम उन्हात पोलादाच्या जवळजवळ दुपटीनं वाढतं. साडेतीन मीटरची पेटी आणि तापमानात ५० अंशांचा फरक धरला, म्हणजे थंड रात्रीपासून तापलेल्या दुपारपर्यंत, तर दोघांच्या लांबीत सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडतो. सगळे ब्रॅकेट पेटीला गच्च आवळले असतील तर हे दोन मिलिमीटर टोकाच्या बोल्टांना ओढतात, रोज. बहुतेक पेट्या ब्रॅकेटच्या खाचेत आडव्या सरकू शकतील अशाच बनवलेल्या असतात. पेटी एकाच जागी, शक्यतो मधे, सरकू नये म्हणून पक्की करा आणि बाकीच्या ठिकाणी ती खाचेत नुसती बसू द्या. पेटी खडखडू नये म्हणून प्रत्येक ब्रॅकेटला आरपार स्क्रू मारलेला दिसतो, तोच पुढे गळतीचं कारण होतो.

पुन्हा बसवताना

ऑनिंग उतरवायला दोन माणसं लागतात, टोकाला एकेक. आधी सगळं जुनं सीलंट काढा. त्यात सिलिकॉन असेल तर हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. सिलिकॉनच्या अंशावर दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही, सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. प्लॅस्टिकच्या पात्यानं खरवडा, राहिलेला थर घासून काढा, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आंबूस वासाचं सिलिकॉन वापरलं गेलं असेल तर खालचा पत्रा नीट बघा, त्यातलं आम्ल उघड्या धातूला गंजवतं.

मग भोक. कडेची धार कानशीनं काढा, गंज असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, जस्ताचा प्रायमर आणि वर रंग द्या, आणि पूर्ण वाळू द्या. रंग न दिलेलं भोक बाहेरून कितीही बुजवलं तरी आतल्या बाष्पानं गंजतं, गंज फुगतो आणि सीलंटला उचलतो.

आता आधार. आतल्या बाजूनं तीन ते पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी लावा. तिचं टोक टपाच्या आडव्या पट्टीपर्यंत पोचलं तर उत्तम, कारण मग भार पातळ पत्र्यावरून उचलून सांगाड्यावर जातो. एका ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट एकाच पट्टीतून घ्या. टपाला गोलाई असते, म्हणून पट्टी आणि पत्रा यांच्यात पॉलियुरेथेन सीलंटचा थर भरा, म्हणजे पोकळी राहत नाही. ॲल्युमिनियम, पोलाद आणि स्टेनलेस बोल्ट ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मधे रंग, नायलॉनचा वायसर किंवा त्यासाठीच मिळणारी पेस्ट असू द्या.

जिथे आतून हात पोचत नाही तिथे बरेच जण रिव्हनट, म्हणजे बाहेरूनच भोकात घट्ट बसवायचा आटे असलेला नट, मारतात. पातळ पत्र्यात तो फिरू लागतो आणि साध्या रिव्हनटच्या आट्यांमधून पाणी सरळ आत येतं. वापरायचाच असेल तर तळ बंद असलेला वापरा. ऑनिंगसाठी मला तो पटत नाही. कपाट सोडवून आत हात घालण्याची वाट काढणं बरं. आणि पत्र्यात मारलेले साधे स्क्रू तर अजिबात नकोत.

गाडीला टपावर कॅरिअर बसवण्यासाठी कारखान्यातूनच दिलेल्या जागा असतील, तर नवीन भोक पाडूच नका. फियाट ड्युकॅटोसारख्या मोठ्या व्हॅनना त्या असतात आणि तिथे बसणारे ब्रॅकेटही मिळतात. तिथे पत्रा आधीच मजबूत केलेला असतो.

सीलंट कोणतं आणि कसं

ब्रॅकेटखाली दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे ब्युटाइलची पट्टी. ती कधी सुकत नाही, चिकट आणि मऊ राहते, म्हणून थोडी हालचाल सोसते आणि पुढे खोलायला सोपी. दुसरं म्हणजे सिकाफ्लेक्स २२१ सारखं पॉलियुरेथेन, जे सुकून रबरासारखं होतं आणि चिकटवतंही. नुसत्या ब्रॅकेटसाठी मी ब्युटाइल घेईन आणि आतल्या पट्टीसाठी पॉलियुरेथेन.

ब्युटाइल लावल्यावर बोल्ट एका दमात आवळू नका. ते हळूहळू कडेनं बाहेर येतं. आज थोडं, उद्या थोडं, उन्हं असतील तर दुपारी थोडं, असं दोन-तीन दिवसांत आवळा आणि बाहेर आलेलं कापून टाका. पॉलियुरेथेन मात्र सगळं पिळून बाहेर काढलं तर उरतोच काय? त्याचा एक-दोन मिलिमीटरचा थर राहायला हवा, म्हणून मधे छोटे रबरी तुकडे ठेवा. ते हवेतल्या ओलाव्यानं बाहेरून आत सुकतं, दिवसाला तीन-चार मिलिमीटरच्या आसपास, आणि पाच अंशांखालच्या थंडीत लावायचं नसतं. पुरतं सुकल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

दोन्हींत एक नियम सारखाच. शेवटचं आवळताना बाहेरचा बोल्ट पान्यानं धरून ठेवा आणि आतला नट फिरवा. बोल्ट फिरला की त्याच्या दांड्याला धरलेलं सीलंट तुटतं. वरवर सगळं व्यवस्थित दिसतं आणि पहिल्या पावसात पाणी आत. नीट बुजवलेला बोल्ट परत का गळला, याचं कारण कितीतरी वेळा हेच निघतं. नट सैल होऊ नये म्हणून नायलॉनचा लॉकनट वापरा.

ऑनिंगच चुकीचं असेल तर

एवढं करूनही पत्रा हलत असेल तर ऑनिंग त्या गाडीला जड आहे, हे मान्य करावं. फियामा कंपनीचं एफ४५एस भिंतीला बसतं, एफ८०एस टपावर. थुलेच्या ऑम्निस्टर मालिकेतही ५२०० भिंतीला आणि ६३०० टपावर. उंच पत्र्याच्या व्हॅनची वरची भिंत गोलाईत आत वळते, तिथे टपावरचं ऑनिंग सरळ बसतं आणि दारालाही अडत नाही. टप उघडणाऱ्या व्हॅनला भिंतीवरचंच किंवा बाजूच्या रेलवरचं घ्यावं लागतं. लांबी ठरवताना गाडीची लांबी बघून मोठ्यात मोठं घेण्याचा मोह होतो. सरकतं दार आणि त्याच्या पुढे-मागे थोडी जागा झाकली तरी पुरे असतं. पाव मीटर कमी घेतलं तर वजनही कमी आणि वाऱ्याला मिळणारं कापडही कमी. टपावर सोलर पॅनेल, पंखा, कॅरिअर आधीच असतील तर त्या सगळ्यांचं वजन मिळवून गाडीच्या पुस्तकातल्या टपाच्या मर्यादेशी ताडून बघा.

छोट्या व्हॅनसाठी मी पेटी घ्यायलाच सांगत नाही. बाजूला चिकटवलेली बारीक रेल, तिच्यात सरकवायचं, कडेत सहा मिलिमीटरची दोरी असलेलं कापड, दोन दांडे आणि चार दोऱ्या. उभारायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण टपाला एकही भोक नाही आणि प्रवासात टपावर वजन नाही.

वापरताना

पावसात पुढची कड गाडीकडच्या कडेपेक्षा बरीच खाली ठेवा. अडीच मीटरला चाळीस-पन्नास सेंटीमीटर तरी. गाडी बुटकी असेल आणि तेवढं खाली आणल्यावर डोकं आपटत असेल, तर ऑनिंगचा एकच पाय खाली घ्या, पाणी त्या कोपऱ्यातून जाऊ द्या. हँडलनं कापड पूर्ण सोडल्यावर ते ताठ होईपर्यंत थोडं परत गुंडाळा. लांब ऑनिंगला मधे ताण देणारा दांडा मिळतो, तो जरूर घ्या. पोट सुटणं त्यानं बरंच कमी होतं. साचलेलं पाणी खालून झाडूनं ढकलण्यापेक्षा एक पाय हळूहळू खाली घ्या, एकदम ढकललं तर सगळा भार ऑनिंगच्या एका हातावर जातो.

पाय जमिनीत खुंट्यांनी पक्के करा आणि वरून पट्टा टाका, पण पट्ट्याच्या भरवशावर ऑनिंग उघडं टाकून फिरायला जाऊ नका. कापड फडफडू लागलं की गुंडाळायचं, रात्री झोपताना गुंडाळायचं. ओलं गुंडाळावं लागलं तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा, नाहीतर घड्यांत बुरशी धरते आणि तिचे डाग निघत नाहीत.

दुरुस्तीनंतर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनी आतले नट पान्यानं तपासा, मग वर्षातून दोनदा. आतलं पॅनेल कायमचं ठोकून न टाकता नटांच्या जागी हात जाईल एवढी झाकणं ठेवा आणि प्रत्येक नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट जरा जरी फिरला की ती रेघ तुटलेली दिसते आणि पान्याला हात न लावता कळतं.